डोकं बरं झालं म्हणतात, मग काम का जमेना?

रस्ते अपघातातल्या जखमींना पहिले सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, पदरचे पैसे न भरता उपचार मिळावेत अशी योजना केंद्र सरकारनं मे 2025 मध्ये लागू केली. पुणे-बेंगळूर महामार्ग ज्यांच्या दारावरून जातो त्या निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूरच्या लोकांना तिचं मोल सांगायला नको. जीव वाचतो तो पहिल्या तासांत आणि दिवसांतच. पण डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या घरी खरा प्रश्न चार-सहा महिन्यांनी उभा राहतो: हा कामावर कधी जाणार, आणि गेला तर टिकणार का?

आमच्या घरात हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी आला. माझा चुलतभाऊ बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे भाग कातणारा कामगार. रात्रपाळी करून येताना दुचाकी घसरली, हेल्मेट नव्हतं. अकरा दिवस आयसीयू, मग वॉर्ड, मग घर. चौथ्या महिन्यात तो चालत होता, जेवत होता, सगळ्यांना नावानं ओळखत होता. डॉक्टरांनी फिट सर्टिफिकेट दिलं आणि तो पूर्ण पाळीवर रुजू झाला. बाराव्या दिवशी घरी परत. एका लॉटमधले चाळीस जॉब, म्हणजे कातलेले भाग, रिजेक्ट झाले होते आणि सुपरवायझरशी भांडण झालं होतं. काकू एकच वाक्य सारखं म्हणायची, "डॉक्टर म्हणत्यात बरा झालाय. मग ह्यो असं का करायलाय?"

त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा आमच्यातल्या कुणाकडेच नव्हतं. ते मिळवताना जे कळलं ते इथं मांडतोय. बरं होणं आणि कामाला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधलं अंतर चालायला आधार लागतो, आणि तो योग्य वेळी मिळाला नाही तर हातातली नोकरी जाते.

बाहेरची जखम भरली, आत काय झालं?

मेंदूची इजा फक्त अपघातानं होत नाही. लकवा, मेंदूतली गाठ काढण्याची शस्त्रक्रिया, मेंदूज्वर, काही मिनिटं प्राणवायू न मिळणं, यांतूनही तीच अवस्था येते. पुढचं सगळं त्यांनाही बऱ्याच अंशी लागू आहे.

दवाखान्यात आणल्या आणल्या डॉक्टर माणसाच्या शुद्धीला गुण देतात. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, यावर 3 ते 15 पैकी. 13 ते 15 म्हणजे सौम्य इजा, 9 ते 12 मध्यम, 8 किंवा कमी म्हणजे गंभीर. 1974 साली ग्लासगोतल्या दोन डॉक्टरांनी बसवलेली ही मोजपट्टी आजही जगभर चालते. पण ती त्या घडीची शुद्ध मोजते. सहा महिन्यांनी माणूस लेथवर उभा राहील का, हे सांगण्यासाठी ती केलेलीच नाही. सीटी स्कॅनचंही तसंच. डोकं जोरात हिंदकळलं की मेंदूतले बारीक धागे ताणले जातात, तुटतात, आणि ही इजा सीटीत बऱ्याचदा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस बदललेला, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

मेंदू या तुटलेल्या धाग्यांवर उपाय शोधतो. चोर्ला घाट बंद झाला की गोव्याची गाडी अनमोडवरून नाहीतर आंबोलीवरून जाते ना, तसंच. निरोप पोचतो, पण वळसा घेऊन. वेळ जास्त, डिझेल जास्त, आणि सगळी वाहतूक एकाच घाटात आली की कोंडी. मेंदूच्या इजेनंतरच्या पुष्कळ तक्रारी या वळशाच्या आहेत: उत्तर येतं पण उशिरा, काम होतं पण दमवून, आणि दोन माणसं एकदम बोलायला लागली की काहीच सुचत नाही.

हा वळसा रोजच्या वापरानं रुळतो. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात वेगानं होते, पुढे मंदावते, पण दोन वर्षांनी आणि त्यानंतरही होत राहते. "सहा महिन्यांत झालं तेवढं झालं" असं कुणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका.

मुकादम गैरहजर

कपाळामागचा मेंदूचा भाग म्हणजे कारखान्यातला मुकादम. तो स्वतः माल काढत नाही. आधी काय, मग काय, कुठं थांबायचं, चूक झाली तर काय करायचं, कुणाशी किती बोलायचं, हे तो ठरवतो. दुचाकीच्या अपघातात मार अनेकदा याच भागाला बसतो. मग सगळे कामगार हजर, हत्यारं जागेवर, पण मुकादम नाही, अशी गत होते.

माझ्या भावाचे हात काही विसरले नव्हते. टूल बसवणं, सेंटर काढणं, व्हर्निअर वाचणं, सगळं यायचं. चुकत काय होतं? पहिला जॉब तपासून बरोबर आला की तो पुढचे तपासायचाच नाही. टूल झिजलं, माप सरकत गेलं, आणि चाळीस जॉब तसेच निघाले. दर पाच जॉबनंतर माप घ्यायचं, हे आतून कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणाराच गप्प झाला होता.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. आपल्यात काही बदललंय हेच त्या माणसाला पुष्कळदा कळत नाही. तो खोटं बोलत नसतो. स्वतःकडे बघणारा भागच दुखावलेला असतो. "मला काही झालेलं नाही, तुम्हीच माझ्या मागं लागलाय," हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं, आणि किती वेळा उलटून बोललो. ती उत्तरं आठवली की आजही मन खातं.

आळस नव्हे, थकवा

सकाळी नऊला व्यवस्थित बोलणारा माणूस दुपारी दोनला भिंतीकडं तोंड करून पडतो. घरच्यांना वाटतं आळस, मालकाला वाटतं ढोंग. हा थकवा अंगाचा नसून त्या वळशाच्या रस्त्याचा आहे. मशीनचा आवाज, ट्यूबलाइटचा झगझगाट, चार जणांचं बोलणं, यातलं नको ते गाळून टाकायचं काम आपला मेंदू फुकटात करतो. इजा झालेल्या मेंदूला त्याचीच मोठी किंमत मोजावी लागते. संध्याकाळची चिडचिडही बहुतेक वेळा इथूनच येते. आम्ही दोन आठवडे वहीत तास लिहून ठेवले, तेव्हा दिसलं की भांडणं दुपारी तीननंतरची होती, जवळजवळ सगळी.

मग कामावर परत न्यायचं कसं?

यालाच शास्त्रात व्यावसायिक पुनर्वसन म्हणतात. म्हणजे इजा किंवा आजारानंतर माणसाला पगाराच्या, त्याच्या ताकदीला झेपेल अशा कामावर आणणं आणि तिथं टिकवणं. 'टिकवणं' हा शब्द यात सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या महायुद्धात जर्मनीत कुर्ट गोल्डस्टाइन या डॉक्टरांनी फ्रांकफुर्टमध्ये डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांसाठी संस्था चालवली. तिथं दवाखान्याला जोडूनच कामाची वर्कशॉप होती. कामावर माणूस कसा आहे ते कामावरच कळतं, हा विचार इतका जुना आहे.

जुनी रीत अशी की आधी शिकवायचं, तयार करायचं, मग कामावर धाडायचं. मेंदूच्या इजेत ती अनेकदा फसते, कारण एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी नेणं हेच या माणसांना जड जातं. दवाखान्याच्या शांत खोलीत कोडी सोडवणारा माणूस फाउंड्रीच्या आवाजात तसाच वागेल याची खात्री नसते. म्हणून आता उलट करतात: आधी खऱ्या जागेवर थोड्या वेळासाठी उभं करायचं, आणि शिकवायचं ते तिथंच.

त्यासाठी आधी कामाचे तुकडे पाडतात. टर्नर म्हणजे एक काम नव्हे. ड्रॉइंग वाचणं, जॉब बांधणं, टूल निवडणं, फीड देणं, मोजणं, नोंद करणं, अशी दहा-बारा कामं. यातलं कुठलं जमतं, कुठलं आठवण दिल्यावर जमतं, कुठलं सध्या धोक्याचं, हे एकेक करून बघायचं. यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा शिकवणारा तज्ज्ञ, मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास कारखान्यातलाच एखादा जुना, शांत डोक्याचा सहकारी आणि घरचं एक माणूस मिळून पुष्कळ करू शकतात. आम्ही तेच केलं.

मग तास हळूहळू वाढवायचे. इंजिन बोअरिंग करून आणलं की पहिले हजार किलोमीटर गाडी कुणी दामटत नाही. भावाच्या दुसऱ्या खेपेला पहिले तीन आठवडे रोज तीन तास, तेही सकाळचे. मग चार. मग पाच, मध्ये वीस मिनिटं डोळे मिटून बसायला स्टोअरमागची जागा. रात्रपाळी नाही, ओव्हरटाइम नाही. दोनदा आम्ही घाई केली आणि दोनदा मागं यावं लागलं.

तिसरी गोष्ट म्हणजे बाहेरचा मुकादम. आतला गप्प आहे ना, मग त्याचं काम भिंतीवर, वहीवर, मोबाईलच्या गजरावर सोपवायचं. लेथसमोर जाड अक्षरात कागद: 'पाच जॉब झाले, माप घे.' सुपरवायझरनं एका वेळी एकच सूचना द्यायची, आणि ती त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायची. या साध्या गोष्टींनी जेवढा फरक पडला तेवढा महिन्याच्या टॉनिकनं पडला नव्हता.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. डोक्याच्या इजेनंतर फिट, म्हणजे आकडी, येऊ शकते, कधी कधी महिन्यांनी किंवा वर्षांनीही. म्हणून फिरतं मशीन, भट्टी, उंचीवरचं काम आणि गाडी चालवणं, हे न्यूरोच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही. फिट सर्टिफिकेटवर नुसतं 'कामास योग्य' लिहून घेऊ नका. कुठल्या कामास, किती तास, काय टाळून, हे लिहून मागा.

भाषेचा प्रश्न आपल्याकडं वेगळा

आपल्या भागात माणूस घरी मराठी बोलतो, ऑफिसात कन्नड, ट्रकवाल्याशी हिंदी, आणि ड्रॉइंग वाचतो इंग्रजीत. मेंदूला इजा झाली की या भाषा एकाच वेगानं परत येतीलच असं नाही. कुणाची लहानपणची भाषा आधी परतते, कुणाची रोजच्या वापरातली, कुणाच्या सगळ्या मिसळतात. म्हणून स्मरणाची, शब्दांची तपासणी कुठल्या भाषेत झाली याला फार महत्त्व आहे. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या किंवा उचगावच्या माणसाला कन्नडमधली गोष्ट ऐकवून "आता परत सांगा" म्हटलं, तर त्याचे कमी आलेले गुण स्मरणाचे की भाषेचे? आधीच सांगा: हा घरी मराठी बोलतो, तपासणी मराठीत करा, नाहीतर दुभाषी म्हणून आम्हाला बसू द्या. आणि कामावर जी भाषा लागते तिचीही वेगळी चाचणी मागा. कन्नड अर्ज वाचणाऱ्या कारकुनाला मराठीत सगळं जमतं एवढ्यानं भागत नाही.

"माझा कारखाना आहे, दवाखाना नाही"

मालकाचं हे म्हणणं मी टाकाऊ समजत नाही. लहान वर्कशॉपात आठ-दहा माणसं, ऑर्डर वेळेत द्यायची, आणि उद्या मशीनवर काही झालं तर जबाबदारी त्याची. त्याच्याकडं दया मागायला जाऊ नका, ठराविक मुदतीचा बेत घेऊन जा: सहा आठवडे, इतके तास, ही कामं, या तारखेला बसून बघू. पंधरा वर्षं हात बसलेला टर्नर सहज मिळत नाही, नव्याला तयार करायलाही वेळ आणि माल जातोच. भावाच्या मालकानं पहिल्यांदा नकार दिला आणि हा कागदावरचा बेत बघून दुसऱ्यांदा होकार दिला. सोबतच्या कामगारांना किती सांगायचं ते मात्र ज्याचं डोकं दुखावलंय त्यालाच ठरवू द्या.

कायदा काय देतो?

थोडक्यात सांगतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढून टाकता येत नाही, हुद्दा कमी करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या जागी न्यायचं, जागा नसेल तर जादा पद निर्माण करायचं. शिक्षक, परिवहनचे चालक-वाहक, विद्युत कंपनीचे लाइनमन यांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं, आणि कुणी कितीही समजावलं तरी घाईनं राजीनाम्यावर किंवा स्वेच्छानिवृत्तीवर सही करू नये. खासगी नोकरीत एवढं पक्कं कवच नाही. कायद्याच्या 21 प्रकारांच्या यादीत 'मेंदूची इजा' असा वेगळा प्रकारही नाही. पण तिच्यामुळं हातापायांवर, बोलण्यावर किंवा मनावर जो परिणाम राहतो त्यानुसार प्रमाणपत्र मिळतं. 40 टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात.

ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, असलेल्यांना, म्हणजे महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना, आजारपणात वर्षाला 91 दिवस पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. कामामुळं झालेली इजा असेल तर काम करता येत नाही तोवर 90 टक्के. कामावर जाता-येता झालेला अपघातही, वेळ आणि रस्ता कामाशी जुळत असेल तर, कामावरचाच धरतात. आम्हाला हे सात महिन्यांनी कळलं.

अपघाताचा दावा चालू असेल तर आणखी एक. शरीराचं अपंगत्व 30 टक्के म्हणजे कमाईचं नुकसानही 30 टक्केच, असं नसतं. त्याच इजेनं कारकुनाचं थोडं आणि चालकाचं सगळं उत्पन्न जाऊ शकतं. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा फरक नीट उलगडून सांगितलाय. कामावर काय जमलं, काय नाही, याची तारीखवार वही इथं पुरावा म्हणून उपयोगी पडते. वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं जा. दिव्यांगांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथं मोफत वकील मिळतो.

इथं हे करणार कोण?

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. एका छताखाली हे सगळं देणारी जागा आपल्या दारात नाही. बेंगळूरला निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांची केंद्रीय संस्था आहे, तिथं मेंदूच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे, पण ते पाचशे किलोमीटरवर. वर्षातून एक-दोनदा सविस्तर तपासणीला तिथं आणि रोजचं इथं, असं जोडून घ्यावं लागतं. फिजिओथेरपी बेळगावात मिळते. निपाणी-चिकोडीकडचे लोक कोल्हापूर-मिरजेला जातात, तेही ठीक. फक्त डिस्चार्ज कार्ड, स्कॅन, औषधांच्या चिठ्ठ्या यांचा एक संच कायम जवळ ठेवा. प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड मात्र देशभर चालतं, राज्याची हद्द आड येत नाही.

कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीवर दिव्यांगांसाठी पुनर्वसन कार्यकर्ता असतो, व्हीआरडब्ल्यू म्हणतात त्याला. तालुक्याला त्याच्यावरचा एमआरडब्ल्यू. अर्ज, कार्ड, पेन्शन यांत तो मदत करतो. आमच्या गावात असा माणूस आहे हे आम्हाला वर्षभर ठाऊक नव्हतं. नव्यानं काम शोधायची वेळ आली तर बेंगळूरला आणि मुंबईला केंद्र सरकारची दिव्यांगांसाठीची करिअर केंद्रं आहेत, तिथं क्षमता तपासून कामाबद्दल मार्गदर्शन करतात.

मागावर, विडीवर, शेतात

पगारी नोकरीच नसेल तर? बेळगावातल्या शहापूर-वडगावचा विणकर एका वेळी अनेक माग बघतो, म्हणजे लक्ष वाटून ठेवायचं काम, आणि नेमकं तेच गेलेलं असतं. त्याला आधी कांड्या भरायला बसवा, मग एकच माग द्या. निपाणीची विडी वळणारी बाई घरी बसून आपल्या वेगानं काम करू शकते हे बरं, पण मजुरी नगावर. पानं कातरणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं, यातलं एकच काम तिनं आणि बाकीचं घरातल्या दुसरीनं असं वाटून घेतलं तर निदान हात चालू राहतो. शेतात तर फिटीची भीती मोठी. विहिरीवर एकटं नको, रात्रीच्या थ्री-फेजला मोटर सुरू करायला एकटं नको, ट्रॅक्टर नको. भांगलण, निवडणं, गुरांचं वैरणपाणी ठराविक वेळेला, हे चालतं. आणि घरकाम हेही कामच. चुलीवर भाजी विसरणाऱ्या बाईलाही गजर, यादी आणि विश्रांती तितकीच लागते, तिची रजा मात्र कुणी मंजूर करत नाही.

तेच काम कधीच जमलं नाही तर?

असंही होतं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की मेंदूच्या इजेनंतर एक-दोन वर्षांत सुमारे 40 टक्के लोक कामावर परतले होते. म्हणजे निम्म्याहून जास्त परतले नव्हते. हे लपवून कुणाचं भलं होणार नाही.

अमेरिकेत 1848 साली फिनिअस गेज नावाचा रेल्वेवरचा मुकादम होता. सुरुंगाची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीबाहेर गेली, आणि तो वाचला. मुकादमकी मात्र त्याला परत मिळाली नाही, स्वभाव पालटला म्हणून. मेंदूच्या पुस्तकांत त्याची गोष्ट बहुधा इथंच संपते. पण पुढे 1852 पासून काही वर्षं त्यानं चिली देशात घोडागाडी हाकली. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, रोजचा तोच क्रम. काही अभ्यासकांच्या मते या घडीबंद कामानंच त्याला पुष्कळ सावरलं. माणसं सांभाळायचं काम गेलं, सहा घोडे सांभाळायचं जमलं.

माझा भाऊ सध्या लेथवर नाही. मध्ये त्याला फिट आली, त्याला अजून वर्ष झालेलं नाही, त्यामुळं डॉक्टर थांबा म्हणतात. तो तयार मालाच्या तपासणीच्या टेबलावर बसतो, साडेआठ ते साडेतीन, पगार आधीपेक्षा कमी. समोरच्या भिंतीवर तोच जाड अक्षरातला कागद आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका पोराच्या लॉटमधलं सरकलेलं माप त्यानं सहाव्या जॉबला पकडलं.